उथळ तळ्यावर बर्फातून वॉलआय धरताना: आवाजाची कामं आधी, गळ नंतर

डिसेंबरात उत्तर मिनेसोटात सूर्य साधारण साडेचारला मावळतो. सव्वाचारला मी आजूबाजूला पाहतो तर निम्मे लोक तेव्हा कुठे बर्फात भोक पाडायची गिरमिट चालू करत असतात. वॉलआय, म्हणजे इथला गोड्या पाण्यातला शिकारी मासा, खायला निघतो तो नेमका याच अर्ध्या-पाऊण तासात, आणि त्याच वेळी त्याच्या डोक्यावर इंजिन घरघरत असतं. रात्री हेच लोक रिकामी बादली घेऊन परततात आणि म्हणतात, तळ्यात मासाच नाही.

मासा असतो. कामांचा क्रम चुकलेला असतो. आधी कळस मग पाया, असा प्रकार. गेल्या काही हिवाळ्यांत मिनीआपोलिस-सेंट पॉलकडच्या बऱ्याच मराठी मंडळींना मी तळ्यावर नेलं आहे आणि त्याच चार-पाच चुका पुन्हा पुन्हा पाहिल्या आहेत. म्हणून हे सगळं एकदा नीट, क्रमाने लिहितो आहे.

उदाहरणाला उत्तर मिनेसोटातलं अपर रेड लेक घेतो. वॉस्किश गावाच्या बाजूने तिथे जाता येतं, ट्विन सिटीजहून (म्हणजे मिनीआपोलिस-सेंट पॉलहून) गाडीने साडेचार-पाच तास लागतात. तळं प्रचंड आहे आणि तळ थाळीसारखा सपाट. मासेमारी होते ती बहुतेक सहा ते चौदा फूट पाण्यात. आसपासच्या दलदलीमुळे पाण्याला काळ्या चहाचा रंग असतो.

उथळ म्हणजे सोपं, असं समजू नका. तीस फूट खोल तळ्यात मासा एखाद्या उंचवट्याला धरून बसतो, तुम्ही त्याच्यापर्यंत जाता. इथे धरून बसायला काही नाही, म्हणून मासा फिरता असतो आणि तुमच्यापर्यंत तो येतो. शिवाय तुमच्या बुटात आणि त्याच्या पाठीत अंतर जेमतेम दहा फुटांचं. वर बर्फाचा पत्रा ताणलेल्या चामड्यासारखा वाजतो. खालची प्रत्येक पायरी या दोन गोष्टींवर बेतलेली आहे.

१. घरून निघण्याआधी: परवाना, हद्द आणि वारा

सोळा वर्षं पूर्ण झालेल्या ज्याच्या हातात रॉड असेल, त्या प्रत्येकाला परवाना लागतो. भारतातून आलेल्या आई-बाबांनाही. बाहेरच्या पाहुण्यांसाठी एक दिवसाचे, तीन दिवसांचे परवाने मिळतात. परवान्याचं वर्ष १ मार्चला बदलतं. राज्यातल्या आतल्या तळ्यांवर (सीमेवरची सोडून) वॉलआयचा हंगाम फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी बंद होतो.

किती मासे ठेवायचे आणि कोणत्या मापाचे, हे तळ्यागणिक वेगळं असतं आणि अपर रेडवर ते बदलत असतं. मागच्या वर्षीच्या आठवणीवर किंवा मित्राच्या शब्दावर जाऊ नका. राज्याच्या नियमपुस्तिकेत आणि त्या तळ्याच्या पानावर निघण्याच्या आदल्या दिवशी पाहा.

हद्दीचं फार गांभीर्याने घ्या. अपर रेडचा फक्त पूर्वेकडचा भाग सगळ्यांसाठी खुला आहे. बाकीचं पाणी रेड लेक नेशन या मूलनिवासी जमातीचं आहे आणि तिथे बाहेरच्यांना मासेमारीची परवानगी नाही. बर्फावर कुंपण नसतं, सगळीकडे सारखंच पांढरं दिसतं. फोनमध्ये हद्दीची रेषा दाखवणारा नकाशा आधीच उतरवून ठेवा, कारण तळ्यावर सिग्नलचा भरवसा नाही.

आणि वारा. लोक तापमान पाहतात, वारा पाहत नाहीत. इतक्या मोठ्या तळ्यावर कोवळा बर्फ वाऱ्याने किनाऱ्यापासून तुटून सरकतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये याच तळ्यावर सुमारे दोनशे माणसं अशा तुटलेल्या तुकड्यावर अडकली होती. डिसेंबर २०२३ मध्ये शंभराहून अधिक लोकांची सुटका करावी लागली. त्यांच्या पायाखालचा बर्फ फुटला नव्हता, तो वाहून निघाला होता. जाडी पुरेशी असूनही असं होतं.

> थांबा: हंगामाच्या सुरुवातीला जोराचा वारा किनाऱ्याकडून तळ्याकडे वाहणार असेल, तर त्या दिवशी जाऊ नका. रॉड पुढच्या आठवड्यातही तसेच राहतात.

२. सामान: दोन ढीग लावा

आदल्या रात्री दिवाणखान्यात सामान पसरून दोन वेगळे ढीग करा. एक जीव वाचवणारा, दुसरा मासे धरणारा. पहिला पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका.

पहिल्या ढिगात काय हवं: बर्फ ठोकायची टोकदार पहार, गळ्यात अडकवायचे टोचे, म्हणजे लाकडी मुठीला खिळा बसवलेली जोडी, बुटांना लावायचे दातेरी पट्टे, पन्नासेक फूट तरंगणारा दोर, शिट्टी, डोक्याला लावायचा दिवा, पाण्यात तरंगवणारा सूट किंवा निदान जॅकेटच्या वर लाइफ जॅकेट, कार्बन मोनॉक्साइडची घंटा, आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड हवाबंद पिशवीत. टोचे बॅगेत ठेवलेले असतील तर ते नसल्यातच जमा. ते छातीवर हवेत.

दुसऱ्या ढिगात: आठ इंची गिरमिट, भोकातला बर्फाचा चुरा काढायला झारा, फ्लॅशर (पाण्याखालचा मासा पडद्यावर दाखवणारं सोनार यंत्र), २६ ते २८ इंचांचे दोन रॉड, सहा पौंडी साधी मोनोफिलामेंट दोरी, एक अष्टमांश औंसाचे तीन-चार स्पून (गळ लावलेली चमकती धातूची पट्टी), एक षोडशांश औंसाचे जिग (वजनदार डोक्याचा गळ), छोटे फ्लोट (दोरीला लावायचे तरंगते गोळे), तळ मोजायचं चिमट्याचं वजन, लांब चोचीची पक्कड, मोजपट्टी.

गळाला दोरी घरीच बांधा. उणे वीस सेल्सिअसमध्ये गाठ घट्ट बसत नाही, बोटं ऐकत नाहीत, आणि सगळ्यात मोठा मासा त्याच गाठीवर सुटतो. वेणीची दोरी पाणी धरते आणि रॉडच्या कड्यांत गोठते, म्हणून उघड्यावर बसणार असाल तर साधी मोनोच बरी.

गिरमिटाची पाती बोथट असतील तर ती गिरमिट खडखडते आणि भोक पाडायला तिप्पट वेळ लावते. उथळ पाण्यात याची किंमत मोजावी लागते. निघण्यापूर्वी पाती बदला. बॅटरीवरची गिरमिट पेट्रोलच्या गिरमिटापेक्षा बरीच शांत असते, म्हणून अशा तळ्यासाठी मी तीच सुचवतो. मात्र बॅटरी अंगाशी उबेत ठेवा.

आमिषासाठी शायनर किंवा फॅटहेड जातीचे छोटे मासे तळ्याजवळच्या दुकानातून घ्या. रेडवर गोठवलेले शायनरही चांगले चालतात, स्पूनला डोकं लावायला तर तेच सोयीचे.

कपड्यांबद्दल एवढंच: सुती काहीही अंगाला लागता कामा नये. लोकरी किंवा सिंथेटिक आतला थर, आणि बूट एक माप मोठे. दोन जाड मोजे कोंबलेला घट्ट बूट एका पातळ मोज्याच्या सैल बुटापेक्षा लवकर गार पडतो.

३. बर्फावर पाऊल: पहार पुढे, माणूस मागे

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या.

मिनेसोटाच्या नैसर्गिक संपदा विभागाचे आकडे नव्या, पारदर्शक बर्फासाठी आहेत. चार इंचांखाली पाय ठेवायचा नाही. चार इंचांवर चालत जाता येतं. स्नोमोबाइलला पाच ते सात इंच, छोट्या कारला नऊ-दहा, मध्यम पिकअप ट्रकला तेरा. पांढरा, दुधाळ बर्फ याच्या निम्म्याच ताकदीचा असतो, म्हणून तिथे हे सगळे आकडे दुप्पट करा. बर्फाचा रंग राखाडी दिसला तर त्यात पाणी आहे, मागे फिरा.

क्रम असा:

१. तळ्यावरच्या रिसॉर्टला आधी फोन करा. ते रोज बर्फ मोजतात, स्वतःचे रस्ते साफ ठेवतात, भेगांवर पूल टाकतात. प्रवेशाचे थोडे पैसे घेतात, ते सुखाने द्या.

२. किनाऱ्यावर बर्फात हात-दीड हात पुढे पहारीचे दोन जोरदार ठोके मारा. घट्ट, कोरडा आवाज आला तर एक पाऊल. आवाज पोकळ झाला किंवा पहार आरपार गेली, तर वळून पळू नका. आल्या पावलांवर पाय घासत मागे या.

३. दर दीडशे फुटांवर गिरमिटाने एक भोक पाडून जाडी मोजा. मोजपट्टीचं टोक बर्फाच्या खालच्या कडेला अडकवून मोजायचं, अंदाजाने नाही.

४. दोघांत निदान वीस-पंचवीस फूट अंतर ठेवा. गप्पा मारत खांद्याला खांदा लावून चालणं हा आपला स्वभाव आहे, पण इथे तो आवरा.

नदीच्या मुखापाशी बर्फ नेहमी पातळ असतो. वॉस्किशजवळ टॅमरॅक नदी तळ्याला मिळते, तिथून लांबूनच जा. बर्फाचे दोन पत्रे एकमेकांवर चढून झालेले उंचवटेही टाळा. सकाळी ओलांडलेला उंचवटा संध्याकाळी उघड्या पाण्याची फट झालेला असू शकतो. जाड हिमाखालचा बर्फ पातळ राहतो, कारण हिम गोधडीसारखं थंडीला अडवतं.

गाडी नेणार असाल तर उथळ पाण्याची एक खास अडचण आहे. चालत्या गाडीखाली बर्फ किंचित दबतो आणि पाण्यात लाट तयार होते. ती लाट किनाऱ्याजवळच्या उथळ भागात आपटून बर्फ फोडू शकते. म्हणून अगदी हळू, सीटबेल्ट काढून, काचा खाली करून जा आणि पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवा.

> पाण्यात पडलातच तर: पहिला एक मिनिट फक्त श्वास ताब्यात आणण्यासाठी. हातपाय कामाचे राहतात ते साधारण दहा मिनिटं. ज्या दिशेने आलात तिकडेच तोंड करा, कारण तिथला बर्फ तुमचं वजन पेलत होता. टोचे बर्फात रोवा, पाय पोहल्यासारखे मागे मारा, पोटावर वर सरका. वर आल्यावर उभं राहू नका, लोळत दूर जा. दुसऱ्याने जवळ जायचं नाही, दोर फेकायचा.

४. जागा: नकाशावर उंचवटा शोधू नका

नवखा माणूस नकाशावर खड्डे आणि उंचवटे शोधतो. सपाट तळ्यात दोनच गोष्टी पाहायच्या: किनाऱ्याजवळ तळ कुठे उतरतो, आणि हंगाम किती पुढे गेला आहे.

सुरुवातीच्या बर्फात, म्हणजे डिसेंबरात, किनाऱ्याची ती पहिली उतरण बघा. पाच-सहा फुटांवरून आठ-नऊ फुटांवर जाणारी. मासा संध्याकाळी या कडेने चरत येतो. जानेवारी-फेब्रुवारीत तो आत, दहा ते तेरा फुटांच्या सपाटीवर पसरतो. तिथे एका फुटाचा फरकही पुरतो, आणि वाळूतून चिखलात जाणारी सीमारेषा त्याहून चांगली. वजन तळाला टेकवून वर काढा. चिकटून काळा गाळ आला तर चिखल, स्वच्छ आलं तर वाळू.

गर्दीपासून दूर बसा. तंबूंच्या वस्तीत मासा असेल, पण गाड्यांची ये-जा, दारांचे आवाज आणि जनरेटर यांच्यामुळे तो उथळ पाण्यातून बाजूला सरकतो. मी वस्तीच्या टोकापासून निदान दोन-तीनशे यार्ड पुढे जातो.

५. भोकं: अडीच वाजता सुरुवात, साडेतीनला पूर्णविराम

सूर्यास्त साडेचारचा असेल तर सगळी भोकं साडेतीनपर्यंत पाडून झालेली हवीत. सगळी म्हणजे लागतील ती आणि कदाचित लागतील तीही.

उतरणीच्या कडेला आडवी रांग पाडा: काही उथळ बाजूला, काही कडेवर, काही खोल बाजूला. दोन माणसांना आठ ते दहा भोकं पुरतात, एकमेकांपासून वीस-तीस पावलांवर. ज्या भोकावर तंबू येणार ती दोन भोकं चार फुटांवर ठेवा. त्याहून जवळ पाडली तर मासा एका दोरीभोवती दुसरी गुंडाळतो.

गिरमिट आरपार गेली की ती झटक्याने वर ओढून पाण्यासकट चुरा बाहेर काढा. तंबूतल्या भोकांतला उरलेला चुरा झाऱ्याने साफ करा. बाहेरच्या राखीव भोकांत मात्र तो तसाच राहू द्या. त्याने उजेड अडतो, आणि नंतर तिथे जाल तेव्हा झाऱ्याने दोन हातांत भोक मोकळं होतं, गिरमिट लागत नाही.

पहिल्या, काचेसारख्या बर्फावर अजून एक काम करा. तंबूच्या आत भोकांभोवती हिम पसरून घट्ट दाबा. नाहीतर खालून पाहणाऱ्या माशाला तुमची प्रत्येक हालचाल दिसते. वॉलआयच्या डोळ्यात मागे चमकणारा पडदा असतो, अंधुक उजेडात त्याला आपल्यापेक्षा कितीतरी बरं दिसतं. हिम पसरल्याने बुटाचा आवाजही मरतो.

> तपासा: साडेतीन वाजले. गिरमिट म्यानात गेली का? गाडी आणि जनरेटर बंद आहेत का? अजून एखादं भोक पाडावंसं वाटत असेल तर ते आता राहू द्या.

मागच्या जानेवारीत एका मित्राला चार वाजून दहा मिनिटांनी वाटलं, अजून थोडं पुढे जाऊ. आमच्या फ्लॅशरवर तेव्हा दोन ठळक खुणा दिसत होत्या. त्याची गिरमिट चालू झाली आणि दोन्ही खुणा तिथल्या तिथे विरल्या. पुढे पाऊण तास पडदा कोरा होता. तेव्हापासून साडेतीननंतर गिरमिट गाडीत जाते, असा आमचा नियमच झाला.

६. तंबू आणि हीटर

तंबू आधी चार कोपऱ्यांनी बर्फात रोवा, मग उघडा. वाऱ्यात उलटा क्रम केला तर तंबू पतंगासारखा जातो. खालच्या झालरीवर हिम ओढून घ्या.

हीटर लावण्यापूर्वी वरची झडप आणि खालची एक फट उघडी ठेवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. घंटा बसल्यावर डोक्याच्या उंचीला टांगा आणि चालू करून पाहा. चहाची शेगडीही हाच वायू सोडते, हे लक्षात असू द्या. डोकं दुखू लागलं, मळमळलं, तर कारण शोधत बसू नका. आधी बाहेर या.

तंबूवर किंवा बर्फावरच्या घरावर नाव-ओळख आणि चमकपट्टी लावण्याचे, आणि तो सोडून जायचा असेल तर परवान्याचे नियम आहेत. तेही नियमपुस्तिकेत वाचून घ्या. सांडपाणी, कचरा, विष्ठा यातलं काहीही बर्फावर ठेवता येत नाही. २०२३ पासून यासाठी वेगळा कायदा आहे. झाकणाची बादली आणि जाड पिशव्या सोबत हव्यातच.

७. दोन दोऱ्या: एक नाचती, एक स्थिर

मिनेसोटात बर्फातून एका माणसाला दोन दोऱ्या टाकता येतात. दोन्ही सारख्या लावणं ही चूक. नाचत्या दोरीचं काम माशाला बोलावण्याचं, स्थिर दोरीचं काम त्याला खाऊ घालण्याचं.

नाचती: सोनेरी, गुलाबी किंवा अंधारात चमकणारा स्पून. चहाच्या रंगाच्या पाण्यात सोनेरी उठून दिसतो. तिहेरी गळाच्या एका टोकाला शायनरचं फक्त डोकं लावा. पूर्ण मासा लावला तर स्पूनची लकाकती चाल मरते.

स्थिर: छोटं जिग, त्यावर जिवंत मासा पाठीच्या परापाशी हलकेच टोचलेला. कण्याला धक्का लागला तर तो मरतो. चिमट्याचं वजन लावून आधी तळ मोजा आणि आमिष तळापासून अर्धा ते एक फूट वर राहील असा फ्लोट बसवा.

फ्लोटचा तोल साधण्यासाठी पाच मिनिटं द्या. नवखे लोक लिंबाएवढा फ्लोट लावतात. मासा आमिष तोंडात घेतो, वर ओढ जाणवते आणि थुंकून देतो. फ्लोट इतका लहान हवा, आणि वर शिशाचा दाणा इतका नेमका, की तो पाण्याच्या रेषेला जेमतेम तरंगेल आणि बोटाने टेकवला तर सावकाश खाली जाईल.

आमिषाची बादली तंबूत ठेवा, बाहेर ती अर्ध्या तासात गोठते. रॉडच्या टोकाच्या कडीत बर्फाचा मणी जमतो. तो दर थोड्या वेळाने ओठांत किंवा बोटात धरून वितळवा. पकडीने ठेचलात तर कडीची आतली चकती फुटते आणि पुढचा मासा दोरी कापून घेतो.

८. पडदा वाचणं: मासा आला, आता काय

फ्लॅशरच्या ध्वनिलहरींचा शंकू वीस अंशांचा धरला तर दहा फूट खोलीवर तळाशी तो फक्त साडेतीन फूट रुंद असतो. म्हणजे तुम्हाला दिसतं ते एका जेवणाच्या टेबलाएवढं. पडदा कोरा आहे म्हणजे मासा नाही, असं नाही. तो पाच फुटांवरून तुमचा स्पून पाहत असू शकतो. म्हणून हात चालू ठेवायचा.

उथळ पाण्यात फ्लॅशरची संवेदनशीलता कमी करा. खोल तळ्याच्या सवयीने ती वाढवून ठेवली की सगळा पडदा लाल होतो आणि माशाची खूण त्यात बुडते. तुमचा स्पून बारीक रेघ दिसेल इतकीच ठेवा.

मी हात असा चालवतो. स्पून तळाला दोन-तीनदा टेकवून थोडा गाळ उडवायचा. मग एक-दीड फूट वर उचलून सैल दोरीवर सोडायचा, तो डोलत खाली येतो. असं तीन-चार वेळा. मग तळापासून फूटभर वर स्थिर धरून दहापर्यंत मोजायचं, फक्त टोक किंचित थरथरतं.

तळापाशी जाड होत जाणारी रेघ दिसली की मासा आला. इथे बहुतेकांचा हात गोठतो किंवा उलट जोरात झटके सुरू होतात. दोन्ही चुकीचं. स्पून अगदी सावकाश, वीतभर वर घ्या. खूण मागोमाग वर आली तर मासा भुकेला आहे. अजून वीतभर वर घ्या. बहुतेकदा याच चढणीवर टोकाला जडपणा येतो, टकटक नव्हे, ओल्या फडक्यासारखा जडपणा. त्याच क्षणी मनगटाने उचला.

खूण मागे राहिली तर स्पून तसाच धरून फक्त थरथर ठेवा. तरीही घेत नसेल तर हात थांबवा आणि फ्लोटकडे पाहा. तीन-चार वेळा नाचत्या दोरीने आणलेला मासा स्थिर दोरीवर लागतो. फ्लोट थरथरेल, किंचित आडवा सरकेल, मग पाण्याखाली हिरवट होत जाईल. तो दिसेनासा होईपर्यंत थांबा, दोरीतला ढिलेपणा हळू गुंडाळा, मग उचला.

आमिष माशाच्या खाली कधीच जाऊ देऊ नका. वॉलआय वर पाहून खातो. रेडवर तो कधी बर्फाखाली चार-पाच फुटांवरूनही जातो. पडद्याच्या मधोमध खूण चमकली तर स्पून लगेच तिच्या वर आणा.

भर दुपारी अर्धा तास एकही खूण दिसली नाही तर जागा बदला. संध्याकाळच्या त्या तासाभरात मात्र आधी पाडलेल्या भोकांपलीकडे जाऊ नका, आणि तिथेही टाचा न आपटता चाला. पाणी गढूळ-काळसर असल्याने रेडवर दुपारीही मासा लागतो. स्वच्छ पाण्याच्या उथळ तळ्यावर ती आशा ठेवू नका, तिथे पहाट आणि संध्याकाळच.

मुलं सोबत असतील तर त्यांची पळापळ तीन वाजेपर्यंत मनसोक्त होऊ द्या. मग गरम चहा-दूध, थालीपीठ, आणि प्रत्येकाला एक फ्लोट राखायला द्या. मी पाहिलं आहे, फ्लोटवर नजर ठेवण्यात सात-आठ वर्षांचं मूल मोठ्यांपेक्षा सरस असतं.

९. भोकातून वर

मासा लागला की दुसरी दोरी जोडीदाराने लगेच वर काढायची. रिळाचा ब्रेक आधीच सैलसर ठेवलेला असावा. मासा भोकापाशी आला की घाई नको. त्याचं डोकं भोकाकडे वळेपर्यंत दोरी ताणलेली ठेवा, रॉड एका हातात, दोरी बर्फाच्या कडेला घासणार नाही अशी. डोकं आत शिरलं की एका सलग ओढीत वर.

हाताळताना पाठीचे काटे मिटवून धरा. कल्ल्यांचं झाकण कडेला पात्यासारखं असतं, त्यात बोट घालू नका. दातही टोकदार आहेत, गळ पकडीनेच काढा.

सोडायचा मासा तंबूबाहेर बर्फावर टाकू नका. कडक थंडीत डोळे आणि कल्ले काही क्षणांत गोठतात. ओल्या हाताने, मोजमाप आणि फोटो पंधरा-वीस सेकंदांत, मग डोकं खाली करून भोकात. उथळ पाण्याचा इथे फायदा आहे: खोलातून ओढलेल्या माशाची हवेची पिशवी फुगते तसं इथे होत नाही, म्हणून नीट सोडलेला मासा सहसा जगतो. गळ घशात खोल गेला असेल तर ओढू नका, दोरी कापा.

ठेवायचा मासा मोजा, पुन्हा मोजा, मग बादलीत. मापाची मर्यादा असलेल्या तळ्यावर तो तिथेच कापू नका. डोकं, शेपूट, पर सगळं शाबूत ठेवून घरी न्या, वाटेत अधिकाऱ्याने विचारलं तर मोजता आलं पाहिजे.

१०. निघताना आणि घरी

अंधारात आवरताना दिवे आधी लावा, हीटर शेवटी बंद करा. तंबू झालरीच्या जागी गोठलेला असतो, तो ओढून फाडू नका. पहारीने कडेचा बर्फ हलकेच फोडा. पाडलेल्या भोकांवर काठी किंवा बर्फाचा ढेकूळ उभा करा, मागून येणाऱ्याचा पाय जाऊ नये म्हणून. बादलीतलं तळ्याचं पाणी तिथेच ओता. उरलेलं आमिष तळ्यात नको, कचऱ्यात टाका. परतीची वाट आलात तीच, नवी नको.

घरी मासा फार वेळ गोठवून ठेवू नका. डोक्यामागे तिरका छेद देऊन सुरी कण्यावरून शेपटीपर्यंत सपाट न्या, मग कातडी खाली ठेवून सुरी आडवी सरकवा. तुकड्याच्या मधोमध बोट फिरवलं की काट्यांची एक ओळ हाताला लागते, ती इंग्रजी व्ही आकारात कापून काढा. मांस पांढरं, पापलेटपेक्षा कमी तेलाचं आहे. म्हणून हळद, मीठ, तिखट, आलं-लसूण आणि कोकमाचं आगळ लावून पंधरा मिनिटांतच रव्यात घोळवा. जास्त वेळ मुरलं तर तुकडे तव्यावर सुटतात. तेल चांगलं तापू द्या, आणि कडेने सोनेरी होईपर्यंत उलथणं लावू नका.